स्कॉट लाफारो: ही साथ म्हणायची की आगाऊपणा?

खर्जप्रेमी: नमस्कार. मी मुख्यतः हिंदुस्थानी संगीत ऐकणारा असून जॅझकडे अलीकडेच वळलो आहे. डबल बासने (उभे धरून वाजवायच्या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याने) प्रत्येक मात्रेला एक स्वर देत पाया सांभाळावा, अशी माझी समजूत बासवादक पॉल चेंबर्सच्या वादनावरून झाली होती. मात्र पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीचे (पियानो, बास, ड्रम) १९६१ सालचे न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या जॅझ क्लबमधील ध्वनिमुद्रण ऐकताना त्रयीतला बासवादक लाफारो पियानोच्या मध्येच बोलू लागतो, वरच्या सप्तकात फिरून येतो आणि अचानक गप्प होतो. ठेका धरणाऱ्याने असे वागावे का? त्याच्याविषयी कोणी सांगू शकेल काय?

उत्तररात्र: त्याचा जन्म १९३६ चा, न्यू जर्सीतील न्यूअर्कचा, वडील व्हायोलिनवादक होते. लहानपणी तो पियानो, पुढे बास क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोन शिकला आणि डबल बासकडे वळला तो थेट अठराव्या वर्षी, त्यामुळे त्याच्या वादनात फुंकवाद्याची वाक्ये ऐकू येतात, असे मला वाटते. बँडप्रमुख बडी मॉरो आणि ट्रम्पेटवादक चेट बेकर यांच्याकडे उमेदवारी करून १९५९ मध्ये तो एव्हान्सकडे आला, तर डिसेंबर १९६० मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’ या तबकडीत चार्ली हेडनसह दोन बासवादकांपैकी एक होता. अवघ्या सहा-सात वर्षांची ही वाटचाल आहे.

घोडी आणि तार: वेगाचे रहस्य बरेचसे हातात आणि वाद्याच्या जुळणीत आहे. त्याने घोडी खाली घेऊन तारा पटाच्या जवळ आणल्या होत्या आणि उजव्या हाताची दोन बोटे तो आलटूनपालटून वापरत असे. अशा जुळणीत आवाजाचा दणका कमी होतो, पण बोटे मोकळी होतात. राहिला प्रश्न ठेक्याचा, तर तो नाहीसा झालेला नाही. तिघांनी तो मनात धरला आहे, म्हणून कोणा एकाला तो सतत मोजून दाखवावा लागत नाही. आगाऊपणाची शंका असेल, तर ‘व्हॅनगार्ड’मध्ये त्याच दिवशी मुद्रित झालेले ‘माय फूलिश हार्ट’ ऐकावे. तेथे तो किती थोडे वाजवतो!

उत्तररात्र: तो दिवस रविवार, २५ जून १९६१ होता. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठकी झाल्या. लाफारोच्याच ‘ग्लोरियाज स्टेप’च्या पहिल्या मुद्रणात मध्येच वीज गेल्याचे आजही ऐकू येते. त्यानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हाजवळ मोटार अपघातात तो गेला. वय २५. एव्हान्सने पुढे कित्येक महिने जाहीर कार्यक्रम केले नाहीत आणि त्या मुद्रणांतून पहिली तबकडी निघाली तेव्हा लाफारोचे वादन ठळकपणे ऐकू येईल, अशाच रचना निवडल्या गेल्या.

खर्जप्रेमी: मनःपूर्वक आभार. ‘माय फूलिश हार्ट’ हेडफोन लावून दोनदा ऐकले. ‘आगाऊपणा’ हा शब्द मी मागे घेतो. ‘ग्लोरियाज स्टेप’मध्ये मात्र सम शोधताना अजूनही माझी तारांबळ उडते.