लायसन्स नवं, गाडीत फोन: अठरा वर्षांच्या मुलीसाठी काय व्यवस्था करावी?

दोडका_भाजी:
मुलीला पक्कं लायसन्स मिळालंय. गाडी मॅन्युअल हॅचबॅक, टचस्क्रीन आहे. पुण्यात कात्रजकडून नवले पुलावरून कॉलेजला जायचं, सोबत दोन-तीन मैत्रिणी. "फोन बघू नकोस" हे सांगून झालंय, आता प्रत्यक्ष काय करता येईल ते सांगा. धाकटा 16 चा आहे, त्यालाही स्कूटर हवीय.

स्टेपनी:
आधी फोनचं. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग. सॅमसंगला मोड्स अँड रूटीन्समध्ये ड्रायव्हिंग मिळेल. गोची होते ती आयफोनच्या "आपोआप सुरू" या पर्यायात. तो हालचालीवरून अंदाज बांधतो, त्यामुळे पोरगी पीएमपीत (शहर बसमध्ये) बसली तरी फोन गप्प होतो. दोन दिवसांत ती वैतागून सगळंच बंद करून टाकते. म्हणून "गाडीच्या ब्लूटूथला जोडल्यावर" हाच पर्याय निवडा.

आणखी एक. आयफोनचं आपोआप जाणारं उत्तर मेसेजला जातं, व्हॉट्सॲपला नाही. मैत्रिणींना वाटतं ही मुद्दाम उत्तर देत नाही, आणि मग फोन सुरू होतात. ब्लूटूथ जोडलेलं असलं की फोकस चालू असतानाही कॉल वाजू शकतात. ग्रुपवर एकदाच टाकून ठेवायला सांगा: सकाळी गाडी चालवताना उत्तर मिळणार नाही.

आणि राग मानू नका, पण नव्या ड्रायव्हरला "पोचलीस का?" म्हणून फोन करणारे बहुतेक वेळा आपण आईवडीलच असतो. तो फोन न उचलायची हिंमत तिच्यात नसते.

अर्धा_क्लच:
वरच्याशी सहमत, पण ब्लूटूथ म्हणजे सुरक्षित असं समजू नका. हात मोकळे राहतात, डोकं नाही. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. पाच सेकंद स्क्रीनकडे बघितलं की 80 मीटरहून जास्त अंतर न बघता कापलं.

चावी फिरवण्याआधी ठरलेला क्रम असू द्या: सीट, आरसे, बेल्ट, नकाशा, गाणी, एसी. यातलं काहीही चालत्या गाडीत बदलायचं नाही. रस्ता चुकला तर चुकू दे, पुढून वळून येता येतं. नकाशाला आवाज ठेवा. स्क्रीन गाडीतच आहे, तेव्हा फोन डॅशबोर्डच्या झाकणवाल्या कप्प्यात (ग्लव्ह बॉक्स) जाऊ दे. मांडीवर किंवा गिअरजवळच्या खाचेत ठेवलेला फोन वळणावर घसरतो आणि पोरं तो उचलायला वाकतात. पाण्याची बाटली दाराच्या खणात घट्ट बसवा, घरंगळून ब्रेकखाली गेली तर पेडल दबतच नाही. मागून सुटणाऱ्या सपातांनी गाडी चालवू देऊ नका.

सरावाला एक पद्धत उपयोगी पडते. शेजारी बसा आणि तिला दिसेल ते मोठ्यानं बोलायला सांगा: "पुढे रिक्षा, डावीकडून दुचाकी घुसतेय, सिग्नल पिवळा होईल." मध्येच "उद्या पेपर किती वाजता?" असं विचारा. बोलणं तुटतं, आरशात बघणंही थांबतं. लक्ष कुठं गेलं हे तिचं तिलाच कळतं, भाषण द्यावं लागत नाही. हे रिकाम्या रस्त्यावर करा. नवले पुलाच्या उतारावर मुळीच नको. तिथं डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक मागून येतात, त्यामुळे कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पूल संपेपर्यंत गाडीत कुणीच बोलायचं नाही असा नियम करा.

घाटवाट:
मैत्रिणींबद्दल कुणी लिहिलं नाही. पहिले काही महिने एकच सोबती, तोही पुढच्या सीटवर. नकाशा, गाणी, आलेला फोन हे सगळं त्याचं काम. मागे दोघी-तिघी असल्या की बोलणारीकडे मान वळतेच. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत नव्या कोवळ्या ड्रायव्हरवर सोबत्यांची मर्यादा कायद्यानंच आहे. आपल्याकडे ती घरातच घालावी लागते.

कलम_१८४:
धाकट्याचं थोडक्यात. 16 ला फक्त 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचं लायसन्स मिळतं. बाजारातल्या 110-125 च्या स्कूटर त्यात बसत नाहीत. अल्पवयीनाला गाडी दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही.

मुलीलाही सांगा: चालवताना हातात फोन म्हणजे कलम 184, पहिल्या वेळी 1,000 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे.

दोडका_भाजी:
आभार. फोन करायचा नाही हे पटलं, पण पोचली हे कळायचं कसं?

स्टेपनी:
गूगल मॅप्समध्ये रस्ता सुरू केल्यावर खालची पट्टी वर ओढली की प्रवास शेअर करायचा पर्याय येतो. निघण्याआधी तो तुम्हाला पाठवू दे. कुठं आहे, किती वाजता पोचेल ते तुम्हाला दिसत राहतं आणि पोचल्यावर आपोआप बंद होतं. मात्र ठिपका एका जागी थांबलेला दिसला तरी लगेच फोन लावू नका, तो बहुधा सिग्नल असतो.