तेंदूपत्त्याची फळी लागण्याआधी जंगलातल्या शिकारीच्या वायरी निघाल्या पाहिजेत

घरचा ग्रुप (सिंदेवाही, जि. चंद्रपूर – नागपूर – पुणे – गोंदिया – सिएटल)
2 मे 2020, शनिवार

पुण्याचा भाऊ: लॉकडाऊन 17 तारखेपर्यंत वाढला म्हणे. पुण्याहून गावी येऊन घरी बसून बसून जीव उबगला. उद्या पहाटे बोडीच्या तळ्यापलीकडे चक्कर मारू. ससा भेटला तर भेटला, डुकराच्या वायरी पण पाहून येऊ. कोण कोण येते?

चुलत भाऊ: मी आहो. टॉर्च चार्जिंगला लावतो.

गोंदियाचे जावईबापू: इकडे या सगळे. कालच्या कोरोनाच्या यादीत गोंदिया ग्रीन झोन आहे. तुमचा चंद्रपूर ऑरेंज.

मी: थांबा. डुकराच्या वायरी म्हणजे? कुठं लावल्या, कोणी लावल्या?

पुण्याचा भाऊ: ताई, आपण नाही लावल्या. गावातल्या पोट्ट्यांनी लावल्या आहेत नाल्याच्या बाजूनं. आम्ही फक्त पाहाले जातो.

मी: मग आता लिहिते ते पूर्ण वाचा.

एप्रिलमध्ये आई मोह वेचायला गेली होती. पहाटेचा अंधार, टोपली डोक्यावर. नाल्याच्या वरच्या अंगाला तिचा पाय अडकला. मोटारसायकलची क्लच वायर होती. एक टोक पळसाच्या बुडाला वेढे देऊन पिळलेलं, दुसऱ्या टोकाला सरकफास, आणि फास उघडा राहावा म्हणून दोन्हीकडून बांबूच्या काड्या रोवलेल्या. चमकू नये म्हणून वायरीला चिखल चोळला होता. आईनं घाबरून पाय मागं ओढला तसा फास आवळत गेला. तो फास ओढून सुटतच नाही, पळसाच्या बाजूला सरकून ढिला करावा लागतो. सोबतच्या काकूनं मोबाईलचा उजेड धरला, मग दोघींनी मिळून काढला. घोट्यावर काळा वण अजून आहे. तिनं घरात कोणाला सांगितलं नाही, कारण दवाखान्यात गेलं तर शाळेत नेऊन चौदा दिवस क्वारंटाइन ठेवतील अशी तिला भीती. मला आंघोळीच्या पाण्याच्या वेळी वण दिसला म्हणून कळलं.

माणसाला हात आहेत. डुकराला, चितळाला, वाघाला नाहीत. ते ओढतच राहतात.

चुलत भाऊ: मोठ्या आईले झालं हे? आम्हाले माहीतच नाही.

मी: आता आणखी ऐका. दोन-चार दिवसांत तेंदूपत्ता, म्हणजे बिडीच्या पानांची तोडणी, सुरू होते. मोहाला बाई झाडाखाली एका जागी बसते. तेंदूला तसं नाही, पायवाट सोडून झुडपाझुडपात शिरावं लागते. नजर पानावर, कंबर वाकलेली. सत्तर पानांचा एक पुडा होते, असे पुडे बांधून फळीवर, म्हणजे पानं विकत घेतात तिथं, न्यायचे तेव्हा हातात पैसा. यंदा तर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले लोकही हात हलवत परत आले, कित्येक जण पायी. त्या घरांना आता तेंदूशिवाय दुसरा आधार नाही. म्हणूनच सरकारनं एप्रिलमध्येच वनोपज गोळा करायला सूट दिली. ते लोक जंगलात पोटासाठी जातील. तुम्ही कंटाळा आला म्हणून जाता, आणि दोघांच्या पायाखालची जमीन एकच आहे.

लहान काकाजी: बेटा, तुझं सगळं खरं. आईचं ऐकून वाईट वाटलं. पण तू आमच्या बांधीत येऊन पाह्य. उन्हाळी धान लोंबीवर आला आहे. परवा रात्री डुकरांनी दोन बांध्या लोळवल्या. खाल्लं थोडं, तुडवलं जास्त. रात्रभर माळ्यावर बसून डबा वाजवतो मी. पहाटे डोळा लागला की तेवढ्यात कळप येते. मोटारीच्या बिलाचे पैसे, खताचे पैसे कुठून आणू? पोट्ट्यांनी वायर लावली तं मी नाही म्हटलं नाही. खरं सांगतो.

मी: काकाजी, तुमचा राग मला कळते. पण नाल्याच्या वरच्या अंगाला आपली एकही बांधी नाही. तिथं धान वाचवायला वायर कोणी लावत नाही.

लहान काकाजी: ते बरोबर आहे.

मोठे काका: आता मी लिहितो. वनखात्यात नोकरी केली, निवृत्त झालो, पण कायदा विसरलो नाही.

पहिली गोष्ट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. फासा लावणं, पकडणं, हाकारून काढणं, नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच धरतात. "आम्ही फक्त पाहायला गेलो" असं सांगून सुटता येत नाही. ससा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत नाही, म्हणून काही होत नाही असं पोरं समजतात. त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. चितळ आणि डुकराला तेच. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असला, म्हणजे मोर, घोरपड, खवल्या मांजर, काळवीट, तर कमीत कमी तीन वर्षं आणि सातपर्यंत. ज्या गाडीवर गेले ती गाडीही जप्त होते.

दुसरी गोष्ट, लहान भावासाठी. डुकरानं पीक नासवलं तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यायचा. पंचनामा होते, भरपाई मिळते. पैसे उशिरा येतात हे मी खात्यात राहून पाहिलं आहे, त्याबद्दल मी खात्याची बाजू घेणार नाही. डुकराचा फारच उपद्रव असला तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून परवानगी काढायचीही सोय आहे. त्यात कागद आहे, जबाबदार माणूस आहे, ठरलेलं जनावर आहे. वायरीला कोण येते ते कळत नाही.

तिसरी गोष्ट. आज क्लच वायर आहे, उद्या कोणी त्यात करंट सोडते. नागभीडकडं 2017 मध्ये श्रीनिवास नावाचा वाघ असाच गेला. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या जय नावाच्या नामी वाघाचा छावा. कुंपणात सोडलेला करंट त्याच्यासाठी नव्हता. त्याच करंटनं याच पट्ट्यात माणसंही मेली आहेत.

पुण्याचा भाऊ: मोठे काका, तुमच्या शब्दाबाहेर नाही. पण एक विचारतो. अमेरिकेत लोक रविवारी उठून शिकारीला जातात, सरकार लायसन्स देते. दादानंच सांगितलं होतं. मग आपल्याकडेच एवढं कडक काहून?

सिएटलचा दादा: मीच बोललो होतो, तेव्हा पुढचंही सांगतो. इथं शिकार लायसन्सवर चालते, हंगाम ठरलेला, कोणतं जनावर किती हेही ठरलेलं. पण आमच्या वॉशिंग्टन राज्यानं 25 मार्चलाच मासेमारी बंद केली, वसंतातली टर्कीची शिकारही थांबवली. माझ्या ऑफिसातले लोक चिडले होते. "मी एकटा जंगलात गेलो तर कोरोना कोणाला देणार?" असंच सगळे म्हणत होते. पण जंगलात माणूस एकटा पोचत नाही. शहरातून गाडी निघते, वाटेत पेट्रोल, किराणा, चहा, आणि शेवटी छोटं गाव, जिथं एखादा लहानसा दवाखाना. पाय मोडला तर तिथलेच डॉक्टर, तिथलीच खाट. आता 5 मेपासून हळूहळू उघडणार आहेत, तेही दिवसापुरतं जा आणि घराजवळच जा असं सांगून. लायसन्स असलेली माणसं सुद्धा महिनाभर घरी बसली.

चुलत भाऊ: म्हणजे तिकडेही तेच.

गोंदियाचे जावईबापू: ग्रीन झोनचं मी लिहिलं ते दुकानं उघडायच्या दृष्टीनं. जंगल आमच्याकडंही बंदच आहे. नागझिरा बंद, तुमचा ताडोबा बंद.

मोठे काका: बंद आहे त्यालाही कारण आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली वाघीण 5 एप्रिलला पॉझिटिव्ह निघाली. सांभाळणाऱ्या माणसाकडूनच तिला झाला असावा असं तिथल्या लोकांचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी आपल्या व्याघ्र प्राधिकरणानं सगळ्या राज्यांना पत्र काढलं, की व्याघ्रप्रकल्पांत माणसाची ये-जा कमी करा. आपल्याकडं ताडोब्याच्या बाहेर, ब्रह्मपुरी वनविभागातही वाघ आहेत. उन्हाळ्यात पाणवठे मोजकेच राहतात. पोरं रात्री दबा धरून बसतात ती त्याच पाणवठ्यांवर.

मी: आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिचा व्हॉइस मेसेज कोणाला ऐकू येणार नाही, मागं कुकर वाजून राहिला, म्हणून लिहून देते:

"पोट्टेहो, मले काही झालं नाही, माह्या पायाची चिंता नका करू. पण तेंदूले आपल्या शेजारची पोरगी जाणार हाय, पोटुशी हाय ती. तिले घरी ठेवून चालत नाही, तिच्या घरी कमावणारा कोणी नाही. तिचा पाय अडकला आन ती पडली तं? वायरी कोणाच्याही असोत, काढा बाप्पा. तुमच्या आबाजीच्या वक्ती शिकार होत होती, मी नाही म्हणत नाही. पण तवा जंगलात कोण गेला ते गावाले माहीत राहे. आता रातच्याले लपून जाता, कोणाले सांगत नाही."

पुण्याचा भाऊ: *हा संदेश हटवला गेला*

पुण्याचा भाऊ: मोठे काका, जागा मला माहीत आहेत. नाल्याच्या वळणावर, जुन्या कोळशाच्या भट्टीजवळ, आणि दोन-तीन बोडीच्या पाळीमागं. मी दाखवतो. पण लावणाऱ्यांची नावं मला नका विचारू. गावात राहायचं आहे.

मोठे काका: नावं मी विचारत नाही. ते काम खात्याचं. तू जागा दाखव. पण आपण आपल्या मनानं जाऊन काढायच्या नाहीत. हातात वायरी असताना कोणी धरलं तर आपलेच पोरं अडकतील. बीट गार्डला मी आता फोन करतो. प्राथमिक प्रतिसाद दलाची, म्हणजे वनखात्याला मदत करणारी गावातलीच पोरंही सोबत येतील, त्यांना जंगलात वावरायची सवय आहे. आणि अंधारात नाही, चांगलं फटफटल्यावर निघू. मास्क, अंतर सगळं पाळायचं. नाक्यावर पोलिसानं विचारलं तर गार्ड बोलेल.

चुलत भाऊ: मी पण येतो. पक्कड घेतो.

मी: ज्याला फोन करायला संकोच वाटते त्यानं 1926 लावा. वनखात्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे. आणि तेंदूला जाणाऱ्या बायांना मी आजच घरोघरी, दारातूनच, सांगून येते: दोघी-चौघींनी मिळून जा, बोलत जा, आणि वायर दिसली तर ओढू नका.

लहान काकाजी: माझा अर्ज कोण लिहून देते? परवाचं नुकसान आहे, उद्या तिसरा दिवस.

मी: मी लिहिते काकाजी. गट नंबर आणि किती आर तुडवलं ते पाठवा. आत्ता उजेड आहे तोवर लोळलेल्या बांधीचे फोटो काढा, खुराचे ठसे येतील असे.

3 मे 2020, रविवार

मोठे काका: वायरी काढल्या. पिशवी भरली. एका फासात चितळाचं पाडस होतं, मेलेलं, दोन-तीन दिवसांचं. गार्डनं पंचनामा केला. पुण्याच्या पोरानं सगळ्या जागा स्वतः दाखवल्या. भट्टीजवळची एक वायर बरोबर तेंदूच्या झुडपाला बांधली होती.

पुण्याचा भाऊ: पाडसाच्या मानेत वायर इतकी रुतली होती की दिसतच नव्हती. मी फोटो नाही काढला.

6 जून 2020, शनिवार

सिएटलचा दादा: ट्रॅफिक नावाच्या संस्थेचा अहवाल आला आहे, वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवतात ते. बातम्यांवरून मोजदाद केली आहे. लॉकडाऊनआधीच्या सहा आठवड्यांत देशात शिकारीच्या 35 बातम्या, लॉकडाऊनच्या सहा आठवड्यांत 88. आधी त्यात खुरवाले प्राणी 22 टक्के होते, नंतर 44 टक्के.

मोठे काका: म्हणजे हरीण, चितळ, डुक्कर. घरी खायला किंवा जवळपास विकायला मारतात तीच जनावरं. आपल्याच भागात हे चालू आहे असं मला वाटत होतं, ते चूक निघालं.

चुलत भाऊ: 3 तारखेपासून सकाळी पाच ते संध्याकाळी सात बाहेर फिरायची, सायकल चालवायची परवानगी आहे. आम्ही रोज बोडीच्या पाळीवर पक्षी पाहाले जातो. नवरंग पक्षी आला आहे, कालपासून ओरडून राहिला. जावईबापू, तुमच्याकडचे सारस कुठल्या तलावावर दिसतात?

गोंदियाचे जावईबापू: पाऊस पडू दे, धानाच्या बांध्यांतच दाखवतो. पण सारसाच्या घरट्याजवळ गर्दी करायची नाही, दोघांनीच यायचं.

लहान काकाजी: रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस आले आणि डुकरं पुन्हा फिरकून राहिली. मागच्या अर्जाचा पंचनामा झाला, पैसे अजून नाही.

मी: काकाजी, अर्जाची पोच तुमच्याजवळ आहे ना? तारखेचा शिक्का दिसेल असा फोटो पाठवा. सोमवारी मी कार्यालयात नेऊन विचारते.