सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिप्सी उंच करायची आहे, गॅरेज नाही. कामाचा क्रम कसा लावू?

तोरण्याची_लेक (धायरी, पुणे):

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 2007 ची जिप्सी किंग आहे, हार्ड टॉप. वडिलांची गाडी. बियाणं-खतांच्या कामासाठी ते भोर-वेल्ह्याच्या गावागावांत हीच घेऊन फिरायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. गाडी विकायचा विषय निघाला तेव्हा मी ठाम नाही म्हणाले. 2022 मध्ये पुन्हा पासिंग झालेलं आहे, पुढचं 2027 ला.

आमचं गावचं घर तोरण्याच्या पायथ्याला. शेवटचा तीनेक किलोमीटरचा रस्ता कच्चा आहे, आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या इतक्या खोल गेल्यात की मधला उंचवटा गाडीला खालून घासतो. तो आवाज आला की आई समोरचा दांडा घट्ट धरते आणि घर येईपर्यंत बोलत नाही. या पावसाळ्याआधी मला हे संपवायचं आहे.

आता अडचण. घर फ्लॅटमध्ये. स्टिल्ट पार्किंगमध्ये दोन खांबांमधली माझी जागा अडीच मीटर रुंद, गाडी 1540 मिलिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर जागा मिळते. कमिटीने रविवारी सकाळी 9 ते संध्याकाळी 6 परवानगी दिली आहे. तेल सांडायचं नाही, वेल्डिंग आणि ग्राइंडर नाही. संध्याकाळी तिथेच मुलं खेळतात, त्यामुळे गाडी रात्रभर जॅकवर किंवा घोडीवर (उचललेल्या गाडीखालचा लोखंडी टेकू) ठेवणं मला स्वतःलाच मान्य नाही.

माझा बेत असा: चारही बाजूंना मूळपेक्षा 2 इंच लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, एक टोक चासीला जोडणारी हलती पट्टी), आणि 205/70 आर15 च्या जागी 235/75 आर15 हे मोठे टायर. माझ्याकडे 3 टनी ट्रॉली जॅक, दोन घोड्या आणि वडिलांची पान्यांची पेटी आहे. ब्रेक पॅड, क्लच केबल, शॉकअप मी स्वतः बदललेत. पाट्यांना कधी हात लावलेला नाही. कोणतं काम आधी करू, कोणतं बाहेरून करून आणू?

गोदाकाठचा_फोर_बाय_फोर (नाशिक):

ताई, शॅकलवर पैसे घालवू नका. सरळ स्प्रिंग ओव्हर करा, म्हणजे पाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवायचे. एकदम 5 इंच मिळतात, पाटे तेच राहतात. माझी अशीच आहे. अ‍ॅक्सलवर नवीन बैठका वेल्ड कराव्या लागतात, ड्रॅग लिंक (स्टीअरिंगची हालचाल चाकांना देणारा दांडा) वाकडी होते म्हणून स्टीअरिंगचं काम वेगळं, ब्रेकचे होज लांब, प्रॉपेलर शाफ्टचा (डिफरन्शियलला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. पार्किंगमध्ये नाही जमणार. चांगल्या वर्कशॉपला पंधरा दिवस द्या आणि मोकळ्या व्हा.

पाटे_आणि_माती (कराड):

ताई, मी तीस वर्षं पाट्यांच्या गाड्यांवर काम केलंय. त्यातली पहिली दहा उघड्यावर, लिंबाच्या झाडाखाली. छप्पर नसताना एकच शिस्त पाळायची: दिवस मावळताना गाडी चार चाकांवर उभी आणि चालवण्याजोगी. जे काम त्या वेळेत बसत नाही, ते त्या रविवारी उघडायचंच नाही. मुलांचा विचार तुम्ही आधीच केलात, ते फार बरं वाटलं.

पण क्रमाच्या आधी एक प्रश्न. घासतं ते नेमकं काय? जिप्सीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहे. डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा अ‍ॅक्सलमध्येच असतो आणि अ‍ॅक्सल चाकांना धरून. शॅकल लांब करा, पाटे उंच करा, स्प्रिंग ओव्हर करून 5 इंच वर न्या. चासी वर जाईल, बॉडी वर जाईल, गोळा जमिनीपासून आहे तिथेच राहील. तो वर उचलतो फक्त टायर. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) किंवा त्याचा आडवा मेंबर घासत असेल तर मात्र चासी उचलून फायदा. म्हणून या रविवारी एकही नट सोडू नका. टॉर्च घ्या, खाली झोपा आणि लोखंड कुठे चकचकीत झालंय ते बघा.

टायरचा हिशेब करून देतो. 205/70 आर15 चा व्यास 668 मिलिमीटर, 215/75 चा साधारण 703, 235/75 चा 733. गोळा वर येणार त्या फरकाच्या निम्मा, म्हणजे 215 ला 18 मिलिमीटर आणि 235 ला 33. त्याची किंमतही मोजा. 235 वर काटा 80 दाखवेल तेव्हा गाडी खरी 88 ने पळत असेल, 1.3 लिटरच्या इंजिनाला घाटात एक गिअर खाली लागेल, पॉवर स्टीअरिंग नसेल तर पार्किंगमध्ये वळवताना खांदे भरून येतील, आणि पूर्ण वळणावर टायर घासेल. शॅकलचा खरा उपयोग इथे आहे, मोठ्या टायरला जागा करून देण्यासाठी.

शॅकल 2 इंच लांब केलं तर उंची 2 नाही, 1 इंच वाढते. पाट्याचं दुसरं टोक चासीला पक्कं असतं, त्यामुळे मधोमध असलेला अ‍ॅक्सल निम्माच सरकतो. शिवाय जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की अ‍ॅक्सल पुढे कलतो, कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागते. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर घालून तो परत आणावा लागतो. शॅकल विकणारे हे सांगत नाहीत.

आणि अठरा वर्षांचे पाटे बसलेले असणार. आधी ते मोजा. सपाट जागा, चारही टायरांत सारखी हवा, गाडीत सामान नाही. हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावा, चारही बाजूंना. जमिनीपासून मोजलंत तर टायरचा फरक त्यात मिसळतो. कित्येकदा नवीन पाटे, नवीन बुश (पाट्याच्या टोकात बसणारं रबर) एवढ्यावरच हरवलेली उंची परत मिळते, आणि ती कंपनीची उंची असते, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही.

पाटे बदलायचेच ठरले तर एका रविवारी एकच अ‍ॅक्सल. मागचा आधी घ्या, सोपा आहे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, मागची चाकं उचलली की तो कामाचा नाही. पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीच्या पायाखाली जाड प्लायवूडचा तुकडा हवा, नाहीतर पाय रुततो आणि घोडी कलते. घोडी चासीखाली, जॅक अ‍ॅक्सलखाली. यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे) नवीनच घ्या, जुने ताणलेले असतात. बुशचे नट आधी नुसते हाताने लावायचे. गाडी चाकांवर उतरवून दोनदा हलवायची, मग आवळायचे. लटकत असताना आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत धरलं जातं आणि वर्षभरात फाटतं. यू-बोल्ट टॉर्क रेंचने, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

नाशिकच्या दादांची गाडी त्यांच्या कामाला योग्य असेल. तुम्ही आईला घेऊन जाणार आहात. अरुंद, उंच गाडी आणखी 5 इंच वर नेऊन चाकोरीत तिरकी घालणं मला पटत नाही.

कागदपत्रं_आधी (ठाणे):

एक गोष्ट राहिली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघून ठेवा. नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. तुमचं पासिंग 2027 ला आहे. मूळ शॅकल, मूळ टायर, रिम काहीही भंगारात घालू नका. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात अडचण करतो, तेव्हा त्यांनाही आधी लेखी विचारा. स्प्रिंग ओव्हर केलेली गाडी मूळ रूपात आणायची तर पुन्हा कापाकापी आली.

तोरण्याची_लेक:

कराडचे काका, तुमचं उत्तर मी छापून वडिलांच्या पेटीत ठेवलंय.

पहिल्या रविवारी फक्त बघितलं. पुठ्ठा अंथरून खाली गेले. ट्रान्सफर केसच्या मेंबरवर जुना काळा रंग तसाच, त्यावर वाळलेली माती. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याचा तळ मात्र रुपयासारखा चकचकीत, एकाच दिशेने ओढलेले ओरखडे. म्हणजे मी शॅकल घालून खर्च केला असता आणि आवाज तसाच राहिला असता.

मापं अशी: पुढे दोन्ही बाजू सारख्या. मागे उजवी बाजू डावीपेक्षा 20 मिलिमीटर खाली. त्याच बाजूला मुख्य पाट्याच्या खालच्या पाट्याला सेंटर बोल्टपासून चार बोटांवर आडवी केसासारखी रेघ दिसली. गंज वाटला म्हणून तारेच्या ब्रशने घासली, तर रेघ आत गेलेली. तडा आहे. वडील कायम एकटे चालवायचे आणि पोती उजवीकडे, त्यांच्या सीटमागे रचायचे. आईला सांगितलं तर म्हणाली, डाव्या बाजूचं दार उघडून त्यांना पटकन माप काढता यायचं म्हणून.

म्हणून मागचे दोन्ही पाटे नवीन घेतले. दुसऱ्या रविवारी उजवा काढायला घेतला. यू-बोल्ट सुटले, शॅकल सुटलं. पुढच्या टोकाचा, चासीत पक्का बसणारा बोल्ट मात्र हलेना. नट निघाला, पण बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला. पान्याला पाइप लावून जोर दिला तर बोल्टबरोबर नळीही फिरायची, रबर पिळायचं आणि सोडलं की सगळं जागच्या जागी. गंज सोडवणारं तेल मारून दोन तास थांबले. ग्राइंडर चालत नाही, आग तर नाहीच. शेवटी हॅक्सॉचं ब्लेड हाताला कापड गुंडाळून पाटा आणि चासीच्या पट्टीच्या फटीत घातलं आणि हातानेच कापायला बसले. एका बाजूला तीन ब्लेड गेली. दोन वाजले होते आणि दुसरी बाजू बाकी होती. तुमची शिस्त आठवली, पण पाटा अर्धा कापलेल्या बोल्टावर ठेवून गाडी उतरवणं धोक्याचं, म्हणून थांबले नाही. वॉचमनकाकांनी टॉर्च धरली. पावणेपाचला बोल्ट तुटून पडला, सहाला दहा मिनिटं असताना गाडी चाकांवर होती. डावी बाजू जुनीच, त्यामुळे आठवडाभर गाडी जागेवरून हलवली नाही.

डाव्या बाजूला शनिवारपासूनच तेल मारत होते, आणि नवीन बोल्ट-बुश आधी आणून ठेवले होते. तो बोल्ट तासाभरात निघाला. नव्या बोल्टांना नळीत जाणाऱ्या भागावर ग्रीस लावलंय, पुढच्या वेळी कुणाला कापावं लागू नये म्हणून.

आता मागे दोन्ही बाजू सारख्या, उजवी पूर्वीपेक्षा 34 मिलिमीटर वर. टायर 215/75 घ्यायचं नक्की केलं, विमा कंपनीला पत्र दिलंय. शॅकल नाही घेत. एक विचारायचं होतं: पुढचे पाटे सारखे उभे आहेत, तडा नाही, पण बुश फुगलेत. नुसते बुश बदलू, की पाटेही?

पाटे_आणि_माती (कराड):

शाब्बास. तो तडा चाकोरीत सुटला असता तर अ‍ॅक्सल तिरका झाला असता.

पुढे नुसते बुश बदला. मात्र त्याच रविवारी एक चाक उचलून वर-खाली धरून हलवून बघा, किंग पिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीच्या) बेअरिंगमध्ये खेळ असेल तर नवे टायर बसले की साठच्या वेगाला स्टीअरिंग थरथरेल. आणि गावच्या रस्त्यावर दोन्ही चाकं चाकोरीत घालू नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर, दुसरं बाहेरच्या कडेवर ठेवून हळू चालवा. गोळा चाकोरीच्या वर राहतो. 18 मिलिमीटर आणि ही सवय मिळून तुमचा रस्ता निघेल. पहिल्यांदा आईंना न घेता एकट्या जाऊन या.