कायदा १९६४चाच आहे, मग नवऱ्याच्या ऑफिसातला विभाग बंद कसा झाला?

एडिसनची सई

नमस्कार मंडळी. नवरा ज्या कंपनीत आहे तिचं निम्म्याहून जास्त काम अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कंत्राटांचं. तिथे तीन बायका आणि एक निवृत्तीला आलेले गृहस्थ असा एक छोटा विभाग होता. कोणत्या पदाला किती अर्ज आले, त्यात कृष्णवर्णीय किती, हिस्पॅनिक किती, बायका किती, त्यातल्या मुलाखतीपर्यंत किती पोचल्या, हे मांडून दरवर्षी अफर्मेटिव्ह ॲक्शनचा, म्हणजे मागे राहिलेल्या गटांना कामात संधी कशी देणार त्याचा, आराखडा करायचा, एवढंच त्यांचं काम. २१ जानेवारी २०२५ला ट्रम्पनी या आराखड्याची सक्ती काढून टाकणारा आदेश काढला आणि तीन महिन्यांत तो विभाग गुंडाळला. एकीला ठेवलं, बाकीच्यांना केक कापून निरोप.

माझे दोन भाबडे प्रश्न. लेकीच्या पुस्तकात १९६४चा नागरी हक्क कायदा आहे. तो काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने केलेला, रद्द झालेला नाही. मग एका माणसाच्या सहीने हे कसं झालं? दुसरा प्रश्न असा की, परवा पॉटलकला साबुदाणा वडे तळताना जो तो म्हणत होता, "बरं झालं, आता आपल्या पोरांना हार्वर्ड मोकळं." याचा त्याच्याशी खरंच संबंध आहे का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. राजकीय राडा नको, प्लीज.


रोखठोक

संबंध आहेच. साठ वर्षं हे कोट्याचं लाडकोड चाललं होतं. आम्ही इथे आलो ते स्वतःच्या मार्कांवर. आम्हाला कुणी कोटा दिला होता?


आबा फिलाडेल्फिया

सई, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला एका शब्दात देता येतं: जीआर. कायदा विधानसभेत होतो. जीआर मंत्रालयातून निघतो, आणि सरकार बदललं की नवा जीआर येऊन जुना अधिक्रमित होतो.

१९६४चा कायदा म्हणतो, भेदभाव करू नका. कुणी केलाच तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रार करायची. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनचा २४ सप्टेंबर १९६५चा आदेश क्रमांक ११२४६ त्याच्या पुढचा. सरकारचा पैसा घेताय ना, मग तक्रारीची वाट बघू नका. आपल्याकडे कोण कोण कामाला आहे ते स्वतः मोजा, आणि कमी असतील तर काय करणार ते लिहून द्या. पन्नास माणसं आणि पन्नास हजार डॉलरचं कंत्राट असलं की आराखडा लागायचा. तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला विभाग हे त्या आदेशाचं अपत्य. आदेश एकोणसाठ वर्षं टिकला, पण तो कायदा नव्हता, म्हणून एका सहीने आला तसा एका सहीने गेला. अपंगांसाठी आणि माजी सैनिकांसाठी असाच आराखडा लागतो, तो मात्र अजून शाबूत आहे. कारण तो काँग्रेसने १९७३ आणि १९७४ साली कायद्यातच घालून ठेवला होता. ज्या एकीला ठेवलंय ती आता काय करते, नवऱ्याला विचारून सांग.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी १९७०ला सांगलीहून आलो, वालचंदचा सिव्हिल इंजिनियर. शिक्षण उरकून १९७२ला इथल्या एका पोलादी सांगाडे उभारणाऱ्या कंत्राटदाराकडे लागलो. तेव्हा 'फिलाडेल्फिया प्लॅन' जोरात होता. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या कामगार खात्यात आर्थर फ्लेचर नावाचे सहायक सचिव होते, स्वतः काळे आणि रिपब्लिकन. त्यांनी १९६९ला ११२४६चाच आधार घेऊन ही योजना आणली. पाच लाख डॉलरवरचं सरकारी बांधकाम असेल तर कंत्राटदाराने अल्पसंख्याक कामगार किती घेणार तो आकडा कबूल करायचा. लोखंडकाम करणाऱ्यांत १९७३ सालचं लक्ष्य होतं २२ ते २६ टक्के. तोवर त्यांच्या कामगार संघटनेत बापाच्या ओळखीवर पोरगा चिकटायचा, काळ्यांना दारातूनच परत पाठवायचे.

तपासनीस येणार असा फोन आला की आमचा फोरमन आणखी एक फोन करायचा. तासाभरात पिकअपमधून दोन काळी पोरं उतरायची. त्यातल्या एकाचा डबा हिरवा, झाकणाला सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधलेला. तो डबा मी सोमवारी आमच्या साइटवर पाहिला, बुधवारी नदीपलीकडच्या साइटवर पाहिला, आणि शुक्रवारी एका इस्पितळाच्या पायाभरणीवर. तपासनीस तिन्हीकडे पोरं मोजून गेला. साइटवरचे लोक याला 'बायसिकलिंग' म्हणायचे. एकदा पावसात काम थांबलं तेव्हा ट्रेलरमध्ये माझ्याशेजारी बसून तो पोरगा शांतपणे म्हणाला, की तीन साइटवर मोजतात मला, वेल्डिंग मात्र कुणी शिकवत नाही. मी काय बोलणार? मोजणीचा तक्ता माझ्याच हस्ताक्षरात होता.

तरीही सांगतो, दोन वर्षांत चार जण संघटनेचे खरेखुरे सभासद झाले. फसवाफसवी होती, पण मोजणी होती म्हणूनच फसवायची पाळी आली होती. १९७४नंतर आमच्या साइटवर तपासनीस क्वचितच दिसला. वर काय चाललं होतं ते मला कोण सांगणार! पण १९७३ला कामगारमंत्री झाले ते पीटर ब्रेनन, न्यूयॉर्कच्या बांधकाम संघटनांचे पुढारी, असल्या आकड्यांना विरोध केलेले. ११२४६मधलं एक अक्षर बदललं नव्हतं.

निक्सन काही काळ्यांचा कैवारी नव्हता. ज्या वर्षी त्याने ही योजना आणली त्याच वर्षी मिसिसिपीतल्या काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एकत्र करायला त्याच्या सरकारने कोर्टात मुदत मागितली, आणि सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबरात ती नाकारली. मग बांधकामावरच एवढी मेहेरबानी का? माझं मत विचारशील तर, कामगार संघटना आणि काळे मतदार दोघंही डेमोक्रॅटांच्या गाडीतले, त्यांच्यात पाचर मारायची ही नामी संधी होती. हेतू काहीही असो, त्या चौघांना कार्ड मिळालं.

आता रोखठोक यांच्यासाठी. हार्वर्डचा निकाल, म्हणजे प्रवेश देताना वंश बघायचा नाही हा, सुप्रीम कोर्टाचा, २९ जून २०२३चा. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये बायडन होते. जानेवारीचा आदेश त्यानंतर दीड वर्षाने आला. वडे तळताना या दोन गोष्टी एकाच कढईत पडल्या असाव्यात.

आणि कोटा कुणी दिला म्हणता? १९२३ला सुप्रीम कोर्टाने पंजाबातून इथे आलेल्या भगतसिंग थिंडला सांगितलं की तू गोरा नाहीस, सबब नागरिकत्व नाही. १९४६ला ट्रूमनच्या सहीने आपल्याला नागरिकत्व मिळू लागलं, आणि इथे येण्याचं दारही उघडलं, पण वर्षाला शंभर माणसांपुरतं. ते दार मोठं झालं जॉन्सनच्या सहीने, ३ ऑक्टोबर १९६५ला. म्हणजे ११२४६ नंतर नऊ दिवसांनी. हवा एकच होती, नागरी हक्कांसाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांनी तयार केलेली. माझे मार्क बरे होते, पण १९६०ला ते घेऊन आलो असतो तर व्हिसाच्या खिडकीवर कुणी बघितलेही नसते.


अटलांटाकर

आबा, कडक. मतदानाचं थोडं जोडतो, मी जॉर्जियात असतो म्हणून.

१९६५च्या मतदान हक्क कायद्यामुळे आमच्या राज्याला मतदान केंद्र या गल्लीतून त्या गल्लीत न्यायचं असलं तरी आधी वॉशिंग्टनची परवानगी लागायची. २५ जून २०१३ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी कोणत्या राज्यांना परवानगी लागेल ते ठरवणारं सूत्रच रद्द केलं, आणि परवानगीची अट लोंबकळत राहिली. टेक्ससने त्याच दिवशी ओळखपत्राचा अडवलेला नियम लागू करतो म्हणून जाहीर केलं.

पुढे २०२१ला जॉर्जियाने नवा कायदा केला. मतदान केंद्रापासून दीडशे फुटांत रांगेतल्या मतदाराला बाहेरच्या कुणी पाणीसुद्धा वाटायचं नाही, हे त्यातलंच एक कलम. बायडन यांच्या न्याय खात्याने जूनमध्ये राज्यावर खटला भरला. मार्च २०२५अखेर ट्रम्प यांच्या न्याय खात्याने तोच खटला मागे घेतला. कायदा तोच, राज्य तेच, वादी तेवढा उठून गेला. खाजगी संस्थांचे खटले आहेत, पण सरकारी वकील पाठीशी असणं आणि नसणं यात केवढा फरक पडतो ते ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे त्याला विचारा.

अवांतर: त्या दीडशे फुटांची खूण म्हणून आमच्याकडे रस्त्यावर नारिंगी शंकू ठेवतात. मुलगा विचारतो, बाबा, इथे काय खणतायत?


रोखठोक

आबा, वयाचा मान ठेवून बोलतो. लाठ्या कुणी खाल्ल्या ते मान्य. पण आज माझ्या मुलाने त्याची भरपाई का करायची? त्याला जो फॉर्म भरायला लावतात त्यात 'आशियाई'वर टिक केली की तो मागे जातो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.


आबा फिलाडेल्फिया

तुमची तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मागे ढकलल्याचा राग काय असतो ते त्या हिरव्या डब्यावरून मला ठाऊक आहे. फक्त तो रकाना आला कुठून तेही ऐका.

१९७७ला कार्टर सरकारने वंशाचे रकाने ठरवणारा निर्देश क्रमांक १५ काढला आणि उपखंडातले लोक आशियाईंत घातले. त्याआधी १९७०च्या जनगणनेत आपण गोऱ्यांत मोजले गेलो होतो. हा बदल व्हावा म्हणून आपल्याच लोकांच्या संघटनेने खेटे घातले होते. पुढे रेगनच्या राज्यात, १९८२ला, लघुउद्योग खात्याने भारतीयांना 'सामाजिकदृष्ट्या वंचित' ठरवलं, तेही आपल्याच अर्जावरून. त्या यादीतून कंत्राटं घेतलेले दोघे माझ्या ओळखीचे. एकाचं घर तीन गाड्यांच्या गराजचं आहे, आणि उन्हाळ्यात बागेतल्या बाकावर बसून तो कोट्यावर तुमच्यासारखंच बोलतो. मी ऐकून घेतो, चहा त्याच्याकडचा असतो.


एडिसनची सई

आबा, नवऱ्याला विचारलं. अगदी बरोबर! जिला ठेवलंय ती आता फक्त अपंगांचा आणि माजी सैनिकांचा आराखडा करते. जुन्या तक्त्याचे उरलेले रकाने तिने फाइलमधून काढलेले नाहीत, नुसते लपवून ठेवलेत म्हणे.

एक विचारू? तुम्ही स्वतः त्या फॉर्ममध्ये काय टिक करायचात?


आबा फिलाडेल्फिया

तेव्हा आपण टिक करायची पद्धत नव्हती गं. बघून लिहायचे. कारकून बाई पेन्सिल घेऊन टेबलांमधून फिरायची. तिच्याकडे रकाने होते नीग्रो, ओरिएंटल, अमेरिकन इंडियन आणि स्पॅनिश आडनावाचे. माझ्यापाशी थांबली, जरा निरखलं आणि विचारलं, "इंडियन ना?" मी म्हटलं, हो. झालं! मिरजेत जन्मलेला मी त्या वर्षी अमेरिकन इंडियन म्हणून सरकारदरबारी गेलो. पुढच्या वर्षी तिला कुणीतरी सांगितलं, तेव्हा गोरा झालो. मग कार्टरच्या कृपेने आशियाई.

निवृत्त झालो तेव्हा माझं जुनं कार्ड माझ्या हातात दिलं त्यांनी. एकाच ओळीत दोन काट आणि तिसरा शब्द वर चिमटून लिहिलेला. तळघरात आहे. फोटो इथे चढवायला मला जमत नाही, नातू रविवारी येतो त्याला सांगतो.