मदत हवी आहे: आधीच्या भाडेकरूच्या कर्जाची वसुली आमच्या दारात (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत भाड्यानं राहतो, गेल्या दिवाळीनंतर इथं आलो. घरी आई, बायको आणि पहिलीतली मुलगी. माझी ड्यूटी शिरोली एमआयडीसीत, शिफ्टची. त्यामुळं दारात कोण आलं, काय बोलून गेलं, हे निम्म्या वेळा मला घरी आल्यावरच कळतं.

आमच्या आधी या फ्लॅटमध्ये असलेल्या गृहस्थानं बरीच कर्जं करून ठेवलेली दिसतात. एक गाडीचं, एक मोबाईल अ‍ॅपवरचं आणि एक इथल्याच एका पतसंस्थेचं, एवढी तरी येणाऱ्यांच्या बोलण्यावरून समजली. आता तो कुठं आहे कुणास ठाऊक. सगळीकडं पत्ता मात्र हाच दिलेला, म्हणून सगळ्यांची स्वारी इकडंच.

प्रकार ठरलेला आहे. पोरगा जिना चढून येतो आणि बेल वाजवायच्या आधी मोबाईलवर दाराचा, नावाच्या पाटीचा फोटो काढतो. फोटोवर तारीख, वेळ, नकाशा सगळं उमटतं. मग बेल. "अमुक आहेत का?" नाहीत म्हटलं की, "मग तुम्ही त्यांचे कोण?" त्यात आमचं आडनाव पाटील आणि त्याचंही पाटील! कोल्हापुरात पाटलांना काय तोटा, पण वसुलीवाल्याला वाटतं हा भाऊच असणार आणि घरचे लपवालेत.

काही पोरं बिचारी सभ्य असतात, पाणी पिऊन जातात. पण गेल्या आठवड्यात आलेल्या दोघांनी जिन्यात आवाज चढवला, खालच्या मजल्यावरच्यांना थकबाकीचा आकडा सांगितला आणि आत डोकावून आमच्या फ्रिजकडं बोट करून म्हणाले, "पैसे भरा, नाहीतर सामान उचलतो." बायको घाबरली. आईनं मात्र त्यांना चांगलंच झापलं.

घरमालक काका इचलकरंजीला असतात. त्यांना फोन केला तर म्हणतात, "तो गेला की सोडून, तुम्ही लक्षच देऊ नका." त्यांच्या दारात कोण येत नाही, त्यांचं बरंय.

आमचा भाडेकरार रजिस्टर केलेला आहे. हे कायमचं थांबवायला नेमकं कुणाला गाठायचं? सामान खरंच उचलू शकतात का? आणि त्याच्या नावानं वकिलांच्या, लोकअदालतीच्या नोटिसा येतात, त्या घ्यायच्या की नाही? बायकोला आणखी एक धास्ती आहे, की यामुळं आपलं सिबिल खराब होईल.

निवृत्त कॅशियर:
दारात आलेल्या पोराला सांगून काही होत नाही. तो तुमचं ऐकत नाही असं नाही, पण त्याच्या हातात काही नसतं. एजन्सीला थकबाकीदारांची यादी मिळते, तो व्हिजिट मारून 'भेटला नाही' असा शेरा टाकतो आणि फोटो चढवतो. पुढं ती केस दुसऱ्या एजन्सीकडं गेली की नवा पोरगा, तोच पत्ता. पत्ता काढायचा तर तो कर्ज देणाऱ्याच्या रेकॉर्डमधूनच काढायला पाहिजे.

म्हणून पुढच्या वेळी भांडत बसू नका. ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा, दोन्ही त्याच्याजवळ असायला पाहिजेत. त्यांचे फोटो काढा आणि कर्ज कुणाचं ते लिहून घ्या. मग त्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, पत्ता वेबसाइटवर असतो. सोबत कराराचं पहिलं पान जोडा, आधार नंबर झाकून. दारातल्या माणसाच्या हातात मात्र आधार, पॅन, करार यातलं काहीच देऊ नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार टाका, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

शेजाऱ्यांना आकडा सांगणं तर सरळ नियमाबाहेर. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, नातेवाईक-मित्रांना त्रास देणं या सगळ्याला मनाई आहे. वसुलीचे फोनसुद्धा सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत. ईमेलमध्ये त्या दिवसाची तारीख आणि वेळ घाला.

सिबिलचं म्हणाल तर ते माणसाचं असतं, घराचं नाही. पत्ता एक म्हणून त्याचं कर्ज तुमच्या नावावर चढत नाही. आडनाव सारखं आहे म्हणून मनाच्या समाधानाला वर्षातून एकदा फुकट मिळणारा रिपोर्ट काढून बघा.

पेठेतला:
फ्रिज उचलतो म्हणाला? उचल म्हणावं, आम्ही खालून टेम्पो बोलवतो! चेष्टा सोडा भावा. बिनतारणाच्या कर्जाला कोर्टाच्या हुकुमाशिवाय कर्जदाराचंसुद्धा सामान नेता येत नाही, तुमचं कुठलं न्यायला. परत दमदाटी झाली तर ११२ लावायचा आणि पोलीस ठाण्यात निदान एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) तरी करायची. भारतीय न्याय संहितेत धमकीला कलम ३५१ आहे. ताईंना सांगा, दार उघडायच्या आधी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करायचं.

पतसंस्थेतली:
मी एका पतसंस्थेत काम करते, म्हणून तेवढंच सांगते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं (वरच्या पोर्टलवरच्या तक्रारी बघतो तो) येत नाही, ती सहकार खात्याखाली. आमच्याकडं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि मग वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती करू शकतो. म्हणजे इथं जप्तीची भाषा नुसती पोकळ नसते. पण जप्ती कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या मालमत्तेवर. तुम्ही दोन्ही नाही.

तरी वाट बघत बसू नका. शाखेत स्वतः जा, अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. अर्जात 'कर्जदाराशी नातं नाही, जामीनदार नाही, घरातलं सामान आमचं' हे स्पष्ट लिहा. फ्रिज, टीव्हीची बिलं असतील तर झेरॉक्स जोडा. दाद लागली नाही तर तीच प्रत घेऊन उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं.

आणि जामीनदार गाठायचं आमचं काम आम्हाला करू दे, तुम्ही त्या गृहस्थाचा शोध घेत फिरू नका.

निवृत्त कॅशियर:
नोटिसांचं राहिलं. त्याच्या नावाचं टपाल सही करून घेऊ नका आणि फोडू नका. 'इथं राहत नाहीत' म्हणून पोस्टमनला सांगा, तो शेरा मारून परत पाठवतो. तो परत गेलेला लिफाफा तुमच्या ईमेलपेक्षा जास्त काम करतो, कारण पाठवणाऱ्याच्या फायलीत तो लागतो. कोर्टाचा बेलिफ किंवा समन्स घेऊन पोलीस आले तर मात्र नीट बोला, करार दाखवा. ते तसा अहवाल लिहून नेतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. फ्रिजचं बिल सापडलं, टीव्हीचं सासुरवाडीला असणार. काकांकडून 'आधीचा भाडेकरू सोडून गेला' एवढं एक पत्र सहीनिशी मागितलंय, कुरकुरत हो म्हणालेत. पाटीवर आता नुसतं 'पाटील' न ठेवता पूर्ण नाव घालायला दिलंय. सोमवारी पतसंस्थेत जातो. अर्ज घेतला पण शिक्का मारायला नाही म्हणाले तर काय करायचं?

पतसंस्थेतली:
तिथं हुज्जत नको. बाहेर येऊन तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपून ठेवा. पाकिटावर शाखेबरोबर मुख्य कार्यालयाचा पत्ता घाला.