लेव्हल १५ च्या पार्टीसमोर एकटा रेड ड्रॅगन टिकेल का?

गुहारक्षक
खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, नियम फिफ्थ एडिशनचे, २०१४ चे. चौघे, सगळे लेव्हल १५: विझार्ड, क्लेरिक, पॅलाडिन (ग्रेटसोर्ड) आणि रोग (Rogue, चोरटा लढवय्या; धनुष्य). कॅम्पेनच्या शेवटी ॲडल्ट रेड ड्रॅगन, त्याच्याच गुहेत. सीआर (राक्षसाच्या अवघडपणाचा आकडा) १७ असला तरी दोन राउंडांत आडवा होईल असं वाटतंय. एचपी (जीवगुण) दुप्पट करू का?

फासेफेकू
शंका रास्त आहे. पॅलाडिनचे दोन्ही घाव लागले आणि दोन्हींवर चौथ्या लेव्हलचा स्माइट (घावाला जोडलेली दैवी इजा) लावला, तर सरासरी इजा ७८. रोगचा स्नीक अटॅकसकट (बेसावध शत्रूवरची जादा इजा) एक बाण ३७ च्या आसपास. दोघांचेच ११५ झाले आणि ड्रॅगनचे एचपी २५६.

तरी दुप्पट नको. त्याचे फासे १९डी१२ + १३३ (बारा बाजूंचे १९ फासे, अधिक १३३), म्हणजे नियमात बसणारा कमाल आकडा ३६१. तेवढे द्या आणि थांबा. एचपीपेक्षा मोठी डोकेदुखी फोर्सकेजची (जादूच्या पिंजऱ्यात कोंडणारा विझार्डचा सातव्या लेव्हलचा स्पेल) आहे. त्याला आत अडकताना सेव्ह (स्पेल चुकवण्यासाठी टाकायचा फासा) नाही, टाकणाऱ्याला कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर धरून ठेवायचं लक्ष) नाही, आणि तो तासभर टिकतो. सेव्हच नसल्यावर तिन्ही लेजंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह यशस्वी ठरवण्याची मुभा) नुसते पडून राहतात. (२०२४ च्या नियमांत फोर्सकेजला कॉन्सन्ट्रेशन लागतं. फार आधीच व्हायला हवं होतं.) ॲडल्ट ड्रॅगन फोर्सकेजच्या १० फुटी बंद पेटीत मावत नाही, २० फुटी पिंजऱ्यात मावतो. पिंजऱ्याला गज असतात आणि त्यांच्यामधून आग बाहेर येते, हे खेळाडूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन लढाईत वाद.

मॉन्स्टर मॅन्युअलमधला जन्मजात स्पेल्सचा पर्याय वापरा. करिश्मा +५, म्हणून पाच स्पेल. प्रत्येक दिवसातून एकदा, पाचव्या लेव्हलपर्यंत. मिस्टी स्टेप आणि डायमेन्शन डोअर (दोन्ही टेलिपोर्टचे) हवेतच. पिंजऱ्यातून टेलिपोर्ट होताना करिश्मा सेव्ह लागतो: ड्रॅगनचा +११, विझार्डचा डीसी (फाशाने गाठायचा आकडा) साधारण १८. हुकला तर स्पेलही वाया जातो, म्हणून लेजंडरी रेझिस्टन्स इथे खर्च करा.

कोबोल्ड_काका
तिसरा स्पेल काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल मोडणारा) घ्याल, पण त्याच्यावर भिस्त नको. त्याची रेंज ६० फूट, फोर्सकेजची १००. शहाणा विझार्ड ७० फुटांवर उभा राहील. शिवाय सातव्या लेव्हलच्या स्पेलला डीसी १७, ड्रॅगनचे +५, म्हणजे फाशावर १२ पाहिजेत: ४५ टक्के. त्यापेक्षा नकाशा बदला. वळणं, लाव्हाचे खांब, ६० फुटांपलीकडे नजरच जाणार नाही अशी दालनं, पण छत उंच.

फ्राइटफुल प्रेझेन्सवर (ड्रॅगनची घाबरवण्याची शक्ती) ॲक्शन घालवू नका. पॅलाडिनच्या १० फुटांत कोणी घाबरतच नाही, सेव्हनाही बोनस मिळतो. म्हणून सगळे त्याला चिकटून उभे राहतात आणि आगीच्या ६० फुटी शंकूत अलगद सापडतात: १८डी६, सरासरी ६३, डीसी २१. पॅलाडिन भिडला की दोन लेजंडरी ॲक्शन (इतरांच्या पाळीनंतर मिळणाऱ्या जादा चाली) टाकून विंग अटॅक (पंखांचा तडाखा). सेव्ह हुकला तर तो आडवा, ड्रॅगन ४० फूट वर.

स्लॉटमोजणी
या लेव्हलच्या विझार्डकडे सातव्या लेव्हलच्या स्पेलसाठी एकच स्लॉट (स्पेल टाकण्याची संधी) असतो आणि आठव्याचा एक. ते गुहेच्या दारापर्यंत शाबूत पोहोचले तर वरचं सगळं व्यर्थ. आधी दोन-तीन झटापटी ठेवा आणि घड्याळ लावा: आठ तासांत ओलीस मरणार, अंडी फुटणार, काहीही. घड्याळ नसेल तर मॅग्निफिसंट मॅन्शनमध्ये (स्पेलने उभा केलेला सुरक्षित वाडा) लाँग रेस्ट (स्लॉट परत देणारी लांब विश्रांती) घेऊन पार्टी ताजीतवानी परत येते.

गुहारक्षक
सोबतीला दोन फायर जायंट ठेवले तर?

स्लॉटमोजणी
निवड चांगली, आगीचा त्यांच्यावर परिणाम नाही, त्यामुळे ड्रॅगन त्यांच्यावरूनही फुंकू शकतो. पण हिशेब करा. एकट्या ड्रॅगनचे १८,००० एक्सपी (अनुभवगुण), चौघांची डेडली (जीवघेण्या लढतीची) मर्यादा २५,६००. दोन जायंटांसह २८,०००, तीन राक्षसांचा गुणक २ लावून ५६,०००. मी एकच ठेवेन, गुणक दीडवर येऊन ३४,५००. त्याला विझार्डच्या वाटेत उभा करा. बॅनिशमेंट (दुसऱ्या मितीत हाकलणारा स्पेल) त्याच्यावर पडला तर विझार्डचं कॉन्सन्ट्रेशन तिथेच अडकलं.