मदत हवी आहे: कूलंटमुळे (धातू कापताना मशीनवर सोडतात त्या तेल-पाण्याच्या मिश्रणामुळे) हातांना होणारा त्रास लवकर कसा ओळखावा, नोंदीत काय लिहावं?

धागाकर्ता: लेथ-मिलिंग मशीनवर काम करणाऱ्या तिघांच्या बोटांच्या बेचक्यांत कोरडेपणा आणि बारीक भेगा दिसताहेत. फोड नाहीत, खाज थोडीच. सुट्टीत दोघांचं बरं होतं, तिसऱ्याचं नाही. हे कामामुळेच आहे हे कसं ठरवायचं? आणि नोंद आत्ता करायची की आधी मलम लावून बघायचं?

लेथवाला: नोंद आत्ताच. सुरुवात बेचक्यातच होते, कारण कूलंट आणि साबण तिथे साचून राहतो. अंगठीखालीही बघा. सुट्टीत उतरणं ही मोठी खूण, पण दुखणं जुनं झालं की दोन-चार दिवसांत उतरत नाही. त्यामुळे तिसऱ्याला यादीतून काढू नका, उलट डॉक्टरकडे आधी तोच जाऊ दे. ॲलर्जी असेल तर पुरळ बहुधा एक ते तीन दिवसांनी उठतं. सोमवारी लागलेलं बुधवारी दिसतं आणि दोष बुधवारच्या कामाला जातो! रात्री खाज वाढत असेल, घरच्यांनाही असेल, तर खरूज आहे का ते आधी तपासून घ्या.

निरीक्षक: 'हाताला ॲलर्जी' एवढंच लिहिलेली नोंद कुचकामी. त्रास कधी सुरू झाला, नेमका कुठे, कोणतं मशीन, कूलंटचं पूर्ण नाव, हात दिवसाला किती तास ओले, हात कशाने धुतात, सुट्टीत काय फरक पडतो, हे सगळं हवं. मलम लावण्याआधी हातांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा. स्टेरॉइडने लाली दबते, मग डॉक्टरला दिसणार काय? कूलंटच्या डेटा शीटमध्ये (उत्पादकाच्या सुरक्षा माहितीपत्रकात) एच ३१५ म्हणजे त्वचेचा दाह, एच ३१७ म्हणजे ॲलर्जीची शक्यता. नोंदीचा अर्ज लेखी द्या, पोचीची सही घेतलेली प्रत जवळ ठेवा.

लेथवाला: कूलंटची टाकीही तपासा. पाणी उडून जातं, तेल मागे राहतं, आणि मिश्रण दाट होऊन कातडी सोलवटते. रिफ्रॅक्टोमीटरचं (मिश्रण किती दाट ते मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग गुणिले डब्यावरचा गुणक, हे खरं प्रमाण. पुसायच्या चिंध्यांत बारीक बर (धातूची कणी) असते, तीही ओरखडे काढते. आणि हातमोजे घाला म्हणून सांगताना सांभाळून, फिरत्या चकजवळ (काम पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ) हातमोजे अजिबात नकोत. मोजा अडकला तर हातच ओढला जातो.

धागाकर्ता: पॅच टेस्टला (पाठीवर पट्ट्या लावून ॲलर्जी तपासतात त्या चाचणीला) कूलंट सोबत द्यायचं का?

निरीक्षक: हो. डब्यातलं ताजं आणि टाकीतलं वापरलेलं, दोन्ही, डेटा शीटसह. किती पातळ करायचं ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील, घरी लावून बघू नका. पट्ट्या पाठीवर ४८ तास राहतात, तोवर पाठ भिजवायची नाही. काढल्यावर एकदा बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा. दुसरी खेप टाळू नका, उशिरा उठणारी ॲलर्जी तेव्हाच सापडते. पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर ते आधीच सांगा.